पंख, शेपटी आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा

मागच्या अंकात आमच्या घरातल्या विमानांबद्दल मी सहज दोन परिच्छेद लिहिले, तर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच घरी धाडला. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमायचं नाही. निवडक घेते.

आधी माझा अधिकार काय ते सांगून टाकते, उगाच कुणी मला इंजिनिअर समजायला नको. १९८१ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले. दोन खोल्या, सात माणसं. माळ्यावर माणसाला जागा नव्हती, पण एका विमानाला होती. मामंजी गिरणीत फिटर. रविवारी सकाळी मैदानाच्या कोपऱ्यात तारेवरची विमानं उडवायचे. मधे स्वतः उभं राहायचं, हातात हँडल, त्याला दोन तारा, आणि तारांच्या टोकाला विमान गोल गोल घुमतंय. इंजिन कोलकात्याचं, ऑरोरा. इंधन घरीच बनायचं : इथर, घासलेट आणि एरंडेल, साधारण समसमान. त्या वासाने चाळीतल्या बायका नाक मुरडायच्या आणि पोरं जिन्यात गोळा व्हायची. लग्नानंतर आठ दिवसांनी मामंजींनी विचारलं, "सूनबाई, शिवणकाम येतं म्हणे तुम्हाला?" त्या दिवसापासून पंखावर टिश्यू, म्हणजे पातळ कागद, चढवायचं काम माझ्याकडे आलं ते आजतागायत. आता मुलगा मोटर-बॅटरीचं बघतो, नात उडवते, आणि आमचे हे पडलेलं विमान शोधून आणतात.

प्रश्न : काकू, मी आणि माझ्या दहा वर्षांच्या मुलीने चार महिने खपून विमान केलं. पंख ११० सेंमी लांब, २० सेंमी रुंद. सनबोर्डचं धड, आतून प्लाय, वरून ऑइल पेंटचे दोन हात. २२१२ मोटर, १००० केव्ही (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे). मी हातातून सोडलं की नाक वर करतं, क्षणभर थबकतं आणि एका पंखावर कोसळतं. मी तीनदा सोडलं, तीनदा तेच. मोटर मोठी घेऊ का? मुलगी तर आता येतच नाही म्हणते. (एक बाबा, मुलुंड)

उत्तर : मोटरला हात लावू नका दादा. पत्र वाचल्यावर मी तुम्हाला दोनच गोष्टी कळवायला सांगितल्या होत्या : बॅटरीसकट वजन किती, आणि विमान बोटांवर कुठे तोललं जातं. तुमचं उत्तर आलं : ९४० ग्रॅम, पंखाच्या पुढच्या कडेपासून १० सेंमीवर. दुखणं तिथेच सापडलं.

लहानपणी पतंग उडवला असेल ना? कन्नी चुकीची बांधली की कितीही ढील द्या, पतंग गिरक्याच खातो. विमानाची कन्नी म्हणजे हा तोल. पंखाच्या रुंदीचा पाव ते तिसरा हिस्सा, म्हणजे तुमच्या २० सेंमीच्या पंखाला पुढून ५ ते ६ सेंमीवर ते तोललं पाहिजे. धडाच्या दोन्ही बाजूंना पंखाखाली एकेक बोट लावा. विमान आडवं राहिलं किंवा नाक जरासं खाली झुकलं तर ठीक. तुमचं १० वर तोललं जातंय, म्हणजे शेपूट जड. शेपूट जड असलं की नाक वर जातं, वेग मरतो, पंखावरची हवा साथ सोडते आणि जो पंख आधी दमतो त्यावर ते पडतं. मोटर मोठी लावाल तर हेच सगळं जास्त उंचीवरून होईल, एवढाच फरक.

बॅटरी जितकी पुढे सरकवता येईल तितकी सरकवा. नाकात शिसं भरायचा मोह होईल, त्याआधी शेपटीवरचा ऑइल पेंट पॉलिश पेपरने खरवडून काढा. साधा हिशेब आहे : तोलाच्या जागेपासून शेपूट ६० सेंमी मागे आणि नाक २० सेंमी पुढे असेल, तर शेपटीतले १० ग्रॅम फेडायला नाकात ३० ग्रॅम घालावे लागतात. शेपटीवरचा रंग असा तिप्पट महाग पडतो.

आता एकूण वजन. नवशिक्यासाठी माझं ओबडधोबड माप असं, की पंखाच्या दर १०० चौरस सेंमीला ३० ग्रॅम. तुमचा पंख २२०० चौरस सेंमी, म्हणजे ६६० ग्रॅमच्या आसपास. तुम्ही पावणेतीनशे ग्रॅम वर आहात. जड विमान उडतही नाही असं नाही, पण त्याला वेगात ठेवावं लागतं, वेगातच उतरवावं लागतं, आणि शिकणाऱ्याला विचार करायला वेळ मिळत नाही. हे वजन आलं कुठून ते मी घरबसल्या सांगते. ग्लू गनची जाडी कांडी उचला आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. अठरा-वीस ग्रॅम भरेल. तुम्ही किती कांड्या घातल्यात? सहा? आठ? प्रत्येक सांध्यावर "जरा मजबूत होऊ दे" म्हणून बापाने आणखी एक रेघ ओढलेली असते. आमच्या मुलाने पहिलं विमान केलं तेव्हा मी रोज रात्री ते काट्यावर ठेवायचे आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. तिसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःहून प्लायला भोकं पाडायला घेतली.

दुरुस्त केल्यावर लगेच मोटर चालू करू नका. उंच गवत बघा, मोटर बंद, आणि विमान समोर सरळ सोडा, नाक अगदी किंचित खाली. वर फेकायचं नाही. सरळ घसरत जाऊन गवतात बसलं की समजा कन्नी जमली.

आणि मुलीचं. तुमच्या पत्रात "आम्ही केलं" आहे आणि पुढे "मी सोडलं, मी सोडलं". रिमोट तिच्या हातात एकदाही आला नसावा असा माझा अंदाज. चुकत असेन तर माफ करा. मामंजींनी ह्यांच्या हातात हँडल कधी दिलं नाही. "पडेल, थांब, अजून शिक." शिकणार कशावर? हे नऊ वर्षांचे असल्यापासून मैदानावर जायचे, तारा पुसायचे, इंजिनाला पंखा मारून द्यायचे, विमान पडलं की धावत जाऊन आणायचे. आज ह्यांची सत्तरी जवळ आली. उडवता येत नाही. नात म्हणते, "आजोबा, घ्या ना," तर हात मागे बांधून उभे राहतात.

दोन रिमोट जोडून उडवायची सोय असते, ट्रेनर म्हणतात तिला. तुमच्या रिमोटवर बटण दाबून धरलंत की विमान मुलीच्या ताब्यात, सोडलंत की परत तुमच्याकडे. ती घ्या. आणि तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा : विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं वाटतं. अशा वेळी जो पंख खाली झुकतोय त्याच बाजूला रिमोटवरची काडी न्यायची, जणू त्याच्याखाली टेकू देतोय. माझी नात आठव्या वर्षी हे शिकली, तिचा बाप अजून गोंधळतो.

तुम्ही हे उडवलंत कुठे ते मात्र लिहिलं नाहीत. म्हणून पुढचं पत्र तुम्हीही वाचा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून किंवा समोरच्या मैदानात सातशे ग्रॅमचं रिमोटचं विमान उडवलं तर चालेल का? खेळणंच तर आहे. (वाचक, घाटकोपर)

उत्तर : नाही चालणार. घाटकोपर तर विमानतळाच्या उशाशीच आहे. २०२१च्या ड्रोन नियमांत पायलट नसलेली विमानं येतात, हौसेची सुद्धा. ढोबळमानाने सांगायचं तर विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काहीच नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, आणि त्यापलीकडे सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ऑनलाइन नकाशावर हिरवा भाग असेल तिथे ४०० फुटांपर्यंत. आता मुंबईचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधे सांताक्रूझचा विमानतळ, त्याला लागून जुहूची धावपट्टी, कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, ट्रॉम्बेला अणुसंशोधन केंद्र. आता नवी मुंबईचा विमानतळही आला. उरलं काय? शिवाय मुंबई पोलिसांचे मनाई आदेश वरचेवर निघत असतात. त्यात ड्रोन, पॅराग्लायडर यांच्याबरोबर रिमोटवर चालणारी हलकी विमानंही असतात. पोलिसांना तुमचं खेळणं गच्चीवरून ओळखू येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही नको.

२५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान 'मायक्रो' गटात येतं. हौसेसाठी उडवणाऱ्याला त्यात पायलटचा परवाना लागत नाही, हे खरं. पण त्यामुळे जागेचे नियम सुटत नाहीत. दुकानदार पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात.

आम्ही काय करतो? भातकापणी झाली की वांगणीच्या पुढे जातो. शेतमालक ओळखीचे, त्यांची परवानगी पहिली. निघायच्या आधी डिजिटल स्कायचा नकाशा मुलगा दर वेळी नव्याने बघतो. मागच्या वेळी हिरवं होतं म्हणून आज असेलच असं नाही. मग पहाटेची कर्जत लोकल. पंख माझ्या जुन्या साडीच्या पिशवीत, आणि आम्ही लगेजच्या डब्यात. एकदा एका कोळणीने विचारलं, "आजी, ह्यात काय गो, वीणा?" मी म्हटलं, पंख. ती जरा सरकून बसली. आठ-साडेआठपर्यंत वारा निजलेला असतो तेवढ्यात उडवून घ्यायचं. नंतर वारा उठतो आणि घारी पण. घार विमानाकडे भाडेकरूकडे बघावं तशी बघते, आणि कधी कधी अंगावरही येते. ती आली की आपण खाली उतरायचं. तिचं आकाश आहे.

प्रश्न : झटक्यात चिकटणाऱ्या छोट्या ट्यूबने थर्माकोलचा पंख जोडला, तर पंखालाच भोक पडलं. गोंद बनावट होता का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : गोंद अस्सल होता, म्हणूनच भोक पडलं. तो थर्माकोल खातो. स्प्रे पेंटचंही तेच. थर्माकोलला फेव्हिकॉल लावा, वर वजन ठेवा आणि रात्रभर विसरून जा.

प्रश्न : माझे मिस्टर आणि मुलगा विमानाच्या बॅटऱ्या रात्री गॅसच्या ओट्यावर चार्जिंगला लावून झोपतात. एक बॅटरी फुगली आहे. "अजून चालते" म्हणतात. मला भीती वाटते, दोघं मला हसतात. (एक गृहिणी, परळ)

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे. हे उत्तर दोघांना मोठ्याने वाचून दाखवा.

ह्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या मोबाइलच्या बॅटरीच्या जातीच्या, पण अंगावर टणक कवच नसलेल्या. तीन सेलची असेल तर पूर्ण भरल्यावर सेलमागे ४.२ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६. त्याच्या वर गेली की धोका. फार उतरवली तरी खराब होते, म्हणून आमच्याकडे सेलमागे साडेतीन व्होल्ट झाले की विमान खाली. आठवडाभर वापरायची नसेल तर ३.८ वर ठेवतात. भरलेली ठेवली की फुगते. २२०० एमएएचच्या (म्हणजे २.२ अँपिअर-तासांच्या) बॅटरीला २.२ अँपिअरने चार्ज करायचं, घाई म्हणून दुप्पट नाही. चार्जर बॅलन्स करणारा हवा, म्हणजे तिन्ही सेल सारखे भरतात.

आमच्या घरात २०१४ साली एक फुगलेली बॅटरी "एवढ्या वेळी चालवू" म्हणून लावली. मी कणीक मळत होते. आधी गोडसर वास आला, नेलपॉलिशसारखा. मग फुस्स झालं आणि ज्वाळा थेट पडद्यापर्यंत. ह्यांनी तुळशीच्या कुंडीतली माती ओंजळी-ओंजळीने टाकली. तुळस गेली, घर वाचलं. तेव्हापासून चार्जिंग गॅलरीत, फरशीवर, मातीच्या रिकाम्या कुंडीत, शेजारी वाळूची बादली. आणि माणूस समोर बसलेला. झोपलेला नाही. मुलगा कंटाळतो, म्हणून त्या तासाभरात मी त्याच्याकडून लसूण सोलून घेते.

फुगलेली बॅटरी आजच बाजूला काढा. वाळूच्या डब्यात, घराबाहेर. टाचणी टोचून हवा काढायची नाही, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

प्रश्न : वय ७२. एका खोलीत राहतो. सुट्टीत नातवंडं येतात. रिमोट, बॅटरी परवडत नाही आणि झेपतही नाही. आमच्यासारख्यांनी काय करावं? (एक आजोबा, लालबाग)

उत्तर : आजोबा, खरी मजा तुमच्याच वाट्याला आहे. १८७१ साली पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर छोटं विमान उडवलं. ११ सेकंद ते हवेत होतं. त्याच्याच रबरी खेळण्याच्या धर्तीवरचं एक उडतं खेळणं राइट बंधूंच्या वडिलांनी १८७८ साली मुलांना आणून दिलं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल ठेवला असेल तर त्याचे पातळ काप काढा. ताटं-वाट्यांना २०१८ पासून बंदी आहे, पण घरात आलेला तुकडा वापरायला हरकत नाही. खराट्याची काडी धड म्हणून, पुढे मातीचा बारीक गोळा. गोळा थोडा थोडा कमी-जास्त करत राहा. मुलुंडच्या बाबांना सांगितलेला तोल नातवंडं अर्ध्या तासात स्वतः शोधून काढतील. चाळीची गॅलरी लांब असते, तीच धावपट्टी.

हात बसला की बाल्साचं करा. आमच्याकडे बाल्सा बहुतेक इक्वेडोरहून येतो. हातात घेतला तर लाकूड धरलंय असं वाटतच नाही. सांगाडा चिकटवला की वर टिश्यू. कडांना पातळ खळ लावून कागद नुसता बसवायचा, ओढायचा नाही. सुरकुत्या राहू द्या. मग इस्त्रीच्या वेळी शिंपडतो तसं पाणी, पण फवारणीच्या बाटलीने, अगदी दव पडल्यासारखं. वाळता वाळता कागद आपोआप आवळतो आणि बोटाने टिचकी मारली तर संबळीसारखा बोलतो. मात्र वाळेपर्यंत पंख पाटावर टाचण्यांनी टाचून ठेवा, नाहीतर पापडासारखा वाकतो. पावसाळ्यात हे काम काढू नका. मी एकदा ऑगस्टमध्ये केलं आणि गौरी येईपर्यंत पंखाचा पन्हाळ झाला होता.

प्रश्न : तळपद्यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, हे खरं ना? शाळेत वाद झालाय. (विद्यार्थी, इयत्ता नववी, दादर)

उत्तर : बाळा, शिवकर बापूजी तळपदे चिराबाजारचे, म्हणजे आमच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावरचे. मामंजींना त्यांचा फार अभिमान. तरी मी विचारायचे, मामंजी, वजन किती होतं? पंख किती? तोल कुठे? त्यावर ते चहा मागायचे. त्या उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा सापडलेला नाही. आणि प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या विमानांचे आराखडे १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तपासले. ती उडणार नाहीत, असा निष्कर्ष निघाला. शाळेत एवढंच सांग. पुराव्याचं हवं असेल तर १५ ऑक्टोबर १९३२ घे : जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, पुस मॉथ विमानातून. मामंजींनी केलेलं त्याचं छोटं मॉडेल आमच्या कपाटावर आहे. उडत नाही. धूळ पुसायला लागते.

प्रश्न : विमान लांब शेतात किंवा झाडीत पडलं तर शोधायचं कसं? आमची दोन हरवली. (वाचक, ठाणे)

उत्तर : हा प्रश्न मी ह्यांच्याकडे दिला. त्यांनी पोस्टकार्डावर लिहून दिलंय, जसंच्या तसं उतरवते.

"पडताना बघणाऱ्याने पाय हलवू नये. आहे तिथेच उभं राहून पडलेल्या जागेमागचं झाड, खांब, काहीतरी धरून ठेवावं. दुसऱ्याने त्या रेषेत चालत जावं. पहिल्याने हाताने डावं-उजवं सांगावं. आपल्याला वाटतं त्याच्या निम्म्यावरच बहुतेक वेळा पडलेलं असतं. मोटरची काडी शून्यावर आणावी, पण रिमोट बंद करू नये. दुसरी काडी हलवत राहावं, गवतातून सर्व्होचा (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) किरकिर आवाज येतो. सापडलं की आधी बॅटरीची वायर काढावी, मग विमान उचलावं. तुकडे सगळे आणावेत. शेतात पीक उभं असेल तर मालकाला विचारल्याशिवाय आत जाऊ नये. मागच्या रविवारी दोन कणसं मोडली, मी त्यांना सांगितलं, त्यांनी चहा पाजला."

खाली वेगळ्या शाईने एक ओळ आहे : "मुलुंडच्या मुलीला सांग, पडलं तर मी येतो शोधायला."